वरचे दोन दात

क्लॅरिनेटचा तोंडातला सगळा भार वाजवणाऱ्याच्या वरच्या दोन दातांवर असतो, हे बँड ऐकणाऱ्यांना ठाऊक नसतं. त्यांना फुगलेले गाल दिसतात, पळणारी बोटं दिसतात. माझे नेमके तेच दोन दात हलायला लागले तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि घरात एकटा होतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एरवी धानाच्या बांधीत मजुरी करायची आणि लग्नसराई आली की नागभीडकडच्या एका बँडमध्ये वाजवायचं. बँडवर पोट भरत नाही, असं लोक म्हणायचे. खरं आहे. पण सराईत बारा माणसांच्या पंगतीत बसून जेवायला मिळायचं. बाकीचे दिवस ताटासमोर नुसती भिंत असायची.

दात घासताना रक्त यायला लागलं, म्हणून मी घासणंच सोडलं. वर अक्कल अशी की माउथपीसवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, दातांना मऊ लागावं म्हणून. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. मऊ लागतंय म्हटल्यावर मी आणखीच जोरात चावून वाजवू लागलो. जोडीला तंबाखू-सुपारीचा खर्रा होताच.

मार्कंड्याची जत्रा आटोपली, लग्नाच्या तारखा निघू लागल्या, तेव्हा घाबरून ग्रामीण रुग्णालयात गेलो. दातांच्या डॉक्टर तरुण होत्या, लातूरकडून नोकरीला आलेल्या. त्यांनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं.

"काका, किडलेला दात एकही नाही. मुळाशी कीटण साचलंय. ते काढलं तर हिरड्या पुन्हा धरतील. अजून वेळ गेलेली नाही."

"मंग काढून द्या ना, मॅडम. मी बसूनच आहो."

त्यांनी कोपऱ्यात कापडाखाली झाकलेल्या, दात साफ करायच्या मशीनकडे पाहिलं. तिची टोकं झिजली होती आणि नव्या टोकांची मागणी वर पाठवून कितीतरी महिने झाले होते. शाळेतल्या मुलांच्या दातांसाठी निधी येतो, त्या म्हणाल्या. दात काढायला भुलीची इंजेक्शनंही येतात. मोठ्या माणसांच्या सफाईसाठी मात्र काही येत नाही. "काढायचे असतील तर आत्ता मोफत काढून देते. सफाईला चंद्रपूरला खाजगीत जावं लागेल."

मी चंद्रपूरला गेलो नाही. मजूर माणूस दुखणारा दात उपटून टाकतो. न दुखणाऱ्या दातासाठी कुणी रोज बुडवून एसटीत बसत नाही. ही चूक माझी, ती मी दुसऱ्यावर ढकलत नाही. पण सरकारचाही राग येतो. शाळकरी पोराचे दात सरकारला दिसतात, आणि तेच पोर मजुरीला लागलं की त्याचं तोंड दिसेनासं होतं. दर बाजाराच्या दिवशी मी रुग्णालयाच्या खिडकीत डोकावून विचारायचो, "मशीन सुरू झाली काय?" मॅडम नाही म्हणून मान हलवायच्या. पुढे पुढे मी दिसलो की विचारायच्या आधीच हलवायला लागल्या.

सराईतलं तिसरं लग्न. वरात देवळाजवळ आली, मी वरचा सूर धरला आणि दात आत सरकले. सूर फाटला. नवरदेवाकडची पोरं हसली.

"काऊन भाऊ, काय होऊन राह्यलं तुमाले?" बँडमास्तरनं बाजूला घेऊन विचारलं. मी तोंड उघडून दाखवलं. पुढच्या लग्नात क्लॅरिनेट दुसऱ्याकडे गेलं आणि माझ्या हातात खुळखुळे आले. पंगतीत जागा होतीच. मास्तर स्वतः बोलवायला यायचा. दोन लग्नं मी खुळखुळे हलवले, मग जाणंच बंद केलं. लाज वाटली. मला कुणी हाकललं असतं तर निदान भांडता आलं असतं.

दोन्ही दात मॅडमनीच काढले, मोफत. पाच मिनिटंही लागली नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी संपता संपता, त्यांचा निरोप आला: मशीन सुरू झाली आहे, या. आता काय उपयोग, असं म्हणत मी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन बसलो. उरलेले दात त्यांनी एकेक करून साफ केले. पाऊण तास लागला. "दुखलं तर हात वर करा, काका," त्या मधूनमधून सांगत होत्या. दुखत होतं. मी हात वर केला नाही. वर्षभरात इतका वेळ कुणी माझ्या शेजारी बसलं नव्हतं, आणि ते संपू नये असं मला वाटत होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता सहा महिन्यांनी या."

"तीन महिन्यांनी आलो तं चालन काय?"

त्या हातमोजे काढता काढता थांबल्या. "चालेल की. तोवर टोकं टिकली तर."