सासूबाईंच्या मापाची निसनी

आमच्या भागात घराचा स्लॅब पडतो, पेढे वाटले जातात आणि जिना राहून जातो. वरचा मजला बांधू तेव्हा जिना करू, असं ठरतं. मजला लांबणीवर पडतो, कॉलमच्या सळ्या गंजत राहतात आणि घर वर्षानुवर्षं निसनीवर, म्हणजे शिडीवर, चालतं. लोणखेड्यातलं आमचं घरही त्यातलंच. म्हणून निसनीतलं मला चांगलं कळतं, आणि हे सांगताना मी अजिबात लाजत नाही.

सगळ्यात साधी निसनी मी आमच्या शेतावर पाहिली. सातपुड्याकडून कामाला आलेल्या कुटुंबाने झोपडीच्या माळ्याला एक ओंडका टेकवला होता. त्याला फक्त खाचा. पाय तिरपा ठेवून त्यांच्या घरातली म्हातारीसुद्धा भराभर चढायची. मी लग्न होऊन आले तेव्हा आमचं घर धाब्याचं, मातीच्या छपराचं होतं आणि निसनी बांबूची, काथ्याने आवळलेली. उन्हाळ्यात काथ्या सैल पडायचा. तो आवळण्याचं काम मी माझ्या उन्हाळकामांच्या यादीत घातलं, तेव्हा घरातले हसले. पण त्यानंतर आमच्या निसनीवरून कुणी घसरलं नाही. पुढे स्लॅब पडला आणि बाभळीची आली, भोकांत गोल दांडे ठोकलेली. ती इतकी जड, की गल्लीत कुणाच्या मांडवाला मागितली तर न्यायला दोघं यायचे. घरातल्या कामाला घोडी वेगळी. दोन पाय वर बिजागरीने जोडलेले, मधे फाकू नये म्हणून दोरी. पंखा पुसा, माळ्यावरची परात काढा, मिटून दाराआड ठेवा.

सासूबाईंना मात्र यातली एकही उपयोगाची उरली नव्हती. त्यांचे गुडघे गेले होते.

आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, गच्चीवर होतात. खाली कोंबड्या, शेळ्या, रस्त्याची धूळ. ज्वारीचा घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर थापावा लागतो, म्हणून विटांची चूलही वरच मांडतो. गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या गच्चीवर जातात, आणि घाटा उतरवायचा कधी हे सासूबाई सांगायच्या. दोन उन्हाळे त्या खाली खुर्चीवर बसून होत्या. यंदा ज्वारी भिजत घालायची वेळ आली तशी म्हणाल्या, "यंदा बिबडा इकत आना."

विकतचे बिबडे! हे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मी ठरवलं, यंदा त्यांना वर न्यायचंच.

मुलगा आणि धाकटा दीर म्हणाले, ॲल्युमिनियमची आणू. मी नाही म्हटलं. वैशाखात नंदुरबारच्या उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावून बघा, मग बोला. सागाची करायची ठरलं. माप माझ्या नवऱ्याने दिलं. निसनी आली, छान रुंद पायऱ्यांची. नवरा वर गेला, खाली आला, खूश झाला. सासूबाई पहिल्या पायरीवर चढल्या आणि तिथेच थांबल्या. पुढचा पाय उचलला की लुगडं ताणायचं आणि गुडघा अडायचा.

"हाई निसनी तुम्हना बापना मापनी शे का?" त्यांनी दोन्ही मुलांना विचारलं.

मग माप मी घेतलं. ओट्यापुढे विटा ठेवल्या आणि त्यांना चढायला लावलं. एक वीट सहज. दोन विटाही चालल्या. तिसरी ठेवली तशी "वं माय!" ऐकू आलं. दोन विटा म्हणजे त्यांची पायरी. सुताराने पुन्हा निसनी केली. पायऱ्या बुटक्या म्हणून संख्येने वाढल्या, उतार निवांत, एका बाजूला धरायला कठडा. ती अंगणात फाटकापर्यंत पोचली.

"गाडी कोठे लावू मी?" नवरा म्हणाला.

"गल्लीमा लाव," सासूबाई म्हणाल्या. "निसनी गल्लीमा लावता येत नही."

त्या दिवशी त्या वरपर्यंत गेल्या. आणि गच्चीचा कठडा आडवा आला. आम्ही सगळे त्यावरून पाय टाकून पलीकडे जातो. इतक्या वर्षांत तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता.

"मी काय माकड शे का, टांग टाकी जावाले?" त्या वरून म्हणाल्या. सगळे हसले. त्या नाही हसल्या. हळूहळू उतरल्या आणि मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई. इकत आन."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंना चहा देताना मी विचारलं, "आत्या, बैलगाडीत कशा चढायच्या तुम्ही?"

"चढाले काय? मांगून बठनू, पाय फिराया."

बस. सुताराला तेच सांगितलं. निसनीच्या डोक्यावर गच्चीच्या कठड्याच्या उंचीचा पाट, नीट बसता येईल एवढा रुंद. पलीकडे गच्चीवर पाय टेकायला बुटकं, चार पाय फाकलेलं स्टूल. सुतार हसला, म्हणाला, "वहिनी, निसनी शे का गाडं?" पण त्याने काम चोख केलं.

बिबड्यांच्या दिवशी गल्लीतल्या बायका आधीच वर गेल्या होत्या. सासूबाईंनी मला बजावलं, मागे राहा, हात लावू नको. मी मागे राहिले. त्या एकेक पायरी चढल्या, पाटावर टेकल्या, श्वास घेतला, दोन्ही पाय उचलून पलीकडे फिरवले आणि दिसेनाशा झाल्या. वर बायकांचा एकच गलका झाला. माझे डोळे भरून आले, पण हातात तिळाचा डबा होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

गलक्यातून त्यांचा आवाज आला, दोन वर्षांत न ऐकलेला, खणखणीत.

"हाऊ घाटा कोनी शिजाडा व? पातया शे! आनि तू खाले काय करी ऱ्हायनी? तीयना डबा लई वर ये!"