तीन बाणांपाशी

पहिल्या नोकरीत माझ्याकडे एका कॉलेजच्या बसची यादी करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायचं काम आलं. वाघोलीहून निघालेली बस स्वारगेटवरून कर्वेनगरला कॉलेजवर यायची. कुठल्या थांब्यावर कोण चढणार, ते स्क्रिप्टने छापायचं. चार वाजता कॉलेजचे क्लार्क यादी न्यायला येणार होते. ती चुकली तर हे काम दुसऱ्याकडे जाईल, असं मला सकाळीच सांगितलं होतं.

यादीत मात्र फक्त शेवटच्या थांब्याची, स्वारगेटची मुलं येत होती.

मी कुणाला विचारलं नाही. मी आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवते, मग त्याचं मराठी. तोवर समोरचा निघून गेलेला असतो. म्हणून आत काय चाललंय ते पडद्यावर दिसावं, यासाठी ओळीओळीला प्रिंटची आज्ञा टाकत बसले. पडद्यावरून नुसते आकडे धावत होते.

शेजारच्या टेबलावरच्या सीनिअर बाई निवृत्तीला आल्या होत्या. डबा उघडत म्हणाल्या, "अहो, किती चिठ्ठ्या चिकटवाल? त्यालाच विचारा की."

"कोणाला?"

"प्रोग्रामला. तो काही तुम्हाला खात नाही. मीही खात नाही, पण ते असू दे."

त्यांनी स्क्रिप्ट चालवायच्या माझ्या कमांडमध्ये फाइलच्या नावाआधी -i एवढंच घातलं. स्क्रिप्ट चालून संपली, पण बंद झाली नाही. तीन बाण, >>> असे, दाखवून थांबली. आता माहिती साठवलेल्या कप्प्याचं, म्हणजे व्हेरिएबलचं, नाव लिहायचं, की त्यात काय उरलंय ते दिसणार.

मी a लिहिलं. मग b. मग x2.

"मुलं कशात आहेत?" बाईंनी विचारलं.

मला आठवेना. कुणी वाचून हसू नये म्हणून मी सगळ्या व्हेरिएबलना एकदोन अक्षरांत उरकलं होतं.

"नाव ठेवायलाही लाजलात! मग हाक कशी मारणार?"

मी नीट नावं दिली, पुन्हा चालवलं. stops विचारलं: सगळे थांबे जागेवर. students विचारलं: स्वारगेटची सात मुलं, बस्स. म्हणजे मुलंच वाटेत पुसली जात होती. दर थांब्याला मी नवी कोरी यादी उघडत होते. ती एक ओळ दर थांब्याला पुन्हा फिरणाऱ्या लूपच्या वर नेली आणि पुन्हा students विचारलं. वाघोलीची मुलं सगळ्यात आधी आली.

"सापडलं?"

मी मान हलवली.

"क्लार्कसमोर मान नाही चालायची हं."

चारला क्लार्क आले. कागद उलटसुलट करत म्हणाले, "वाघोलीची मुलं नक्की आहेत ना यात?"

"आहेत. मी विचारून घेतलंय."

"मुलांना?"

"नाही, प्रोग्रामला."

त्यांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "पुढच्या महिन्याची यादीही तुम्हीच द्या."

बाईंनी मान वर केली नाही. रिकाम्या डब्याचं झाकण मात्र टाळी वाजवल्यासारखं जरा जोरातच लावलं.