थोरलीने भरलेली ओटी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले आहे. वडील सोलापुरात शाळामास्तर, घरात दृष्ट काढायचीसुद्धा बंदी... त्यामुळे माझी हकीकत वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. माझा राग सगळा दुसरीकडे खर्च झालेला आहे, कुठे ते पुढे कळेलच.

सन तीसच्या सुमाराची गोष्ट. आमचे हे इरिगेशन खात्यात ओव्हरसियर, आणि बदली माळशिरस तालुक्यातल्या एका आडगावी. तिथली नदी म्हणजे नावाची नदी, रुंदीला ओढाच. पण डोहाच्या तळाशी जिवंत झरे होते. आसपासचा माळ करपून गेला तरी हिचं पाणी आटायचं नाही. ते पाणी रोज मोजणं ही ह्यांची ड्यूटी.

मोजायची रीत अशी. नदीवर दोन दोऱ्या आडव्या बांधलेल्या. वरच्या दोरीपाशी शिपाई नारळ सोडायचा आणि ओरडायचा, "सोडला!" खालच्या दोरीपाशी हे घड्याळ धरून उभे. नारळाला लागलेल्या वेळावरून पाण्याचा वेग काढायचा. नारळच का, तर तो अर्धा बुडून तरंगतो, वाऱ्याने भरकटत नाही. उन्हाच्या तिरिपेत तो लांबून दिसावा म्हणून हे त्याला तेलात कालवलेलं कुंकू फासायचे. माझ्या करंड्यातलं!

दूध घालायला येणारी सारजाबाई एकदा माझ्या समोर फतकल मारून बसली.

"वैनीसाब, रागावू नगा. पर सायबांनी लई वंगाळ केलंय बगा. डोहात आसरा हायेत. पाण्यातल्या बाया त्या. त्यांना रोजचा नारळ, वर कुंकू... आवो, आमच्यात याला सोयरीक म्हंत्यात की!"

मी हसले. पण रात्री ह्यांच्याकडे बघितलं आणि हसू मावळलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, सासरी दुसरीचा विषय दोनदा निघाला होता. आणि हे? जेवताना पाणी, झोपताना पाणी. "आज काय सुरेख वाहत होती!" असं म्हणायचे. माझ्या नव्या लुगड्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं, आणि ती सुरेख! जिवाचा नुसता तिळपापड व्हायचा. समोर असती तर झिंज्या उपटल्या असत्या... पाण्याच्या कशा उपटायच्या?

श्रावणी सोमवारी तो डोह म्हणजे जत्रा. माळशिरसहून बैलगाड्या भरून माणसं पोहायला यायची. सूर काय, मुटके काय, पाठीला भोपळे बांधलेली नवशिकी काय! पाणी तुंबून पोहायला खोल मिळावं म्हणून ही मंडळी दगडांचा बांध घालायची, आणि खालच्या गावांची ओरड व्हायची. म्हणून सोमवारी ह्यांनी आधी बांध फोडायचा आणि मग पाणी मोजायचं.

अशाच एका सोमवारी सारजाबाईला घेऊन मी भर दुपारी तिथे गेले. बांध फुटलेला होता, पाणी धो धो चाललं होतं. आणि हे खालच्या दोरीपाशी उभे राहून पाण्याकडे बघत होते. तसं ह्यांनी माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही! माझं डोकंच फिरलं. मी शिपायाच्या हातातला नारळ हिसकावला, लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरले आणि सगळ्यांच्या देखत ओरडले,

"घे! हा शेवटचा. आता माझा माणूस सोड!"

नारळ भिरकावला. तो डोहाच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या बाजूने लिंबाची एक डहाळी खाली वाहत गेली, ती मी या डोळ्यांनी पाहिली. नारळ मात्र वळला... आणि धारेच्या उलटा, सावकाश, माझ्याकडे यायला लागला.

पोहणारे बाजूला झाले. मी मागे सरले तर पाय वाळूत रुतला. पदर सुटून पाण्यावर पसरला होता, नारळ नेमका त्यात येऊन टेकला. कुंकू जसंच्या तसं.

सारजाबाईने काठावरूनच हात जोडले. "वटी भरली की तुमची! थोरलीनं धाकटीची भरावी तशी!"

भीती राहिली बाजूला, माझ्या अंगाची लाही लाही झाली. धाकटी? मी? अग्नीभोवती फेरे मी घेतले होते! नारळ परत फेकणार, तर सारजाबाईने मनगट धरलं. "वटीतलं माघारी देत न्हाईत, वैनीसाब."

घरी येऊन तो फोडला आणि सगळा एकटीने खाल्ला. ह्यांना खोबऱ्याचा तुकडासुद्धा दिला नाही.

ह्यांचं म्हणणं, "अगं, भोवऱ्याने पाणी मागे फिरलं असेल." मग ती डहाळी कशी फिरली नाही? पुढच्या श्रावणाच्या आत आम्हाला मुलगी झाली. त्याचा याच्याशी संबंध जोडावा की नाही, मला ठाऊक नाही. अनेक शिकल्यासवरल्या माणसांना विचारून झालं, उलगडा कुणालाच झाला नाही.

मुलगी सात-आठ वर्षांची असेल. आम्ही सोलापुरात परतलो होतो. स्नेह्यांच्या मळ्यात हुरड्याला गेलो असताना पोरीने विहिरीत उडी घेतली. भोपळा नाही, काही नाही. माझी किंकाळी विरायच्या आत ती पलीकडच्या पायरीला लागलीसुद्धा. तिने त्याआधी पाण्यात पाऊल टाकलेलं नव्हतं.

ह्यांनी तिला वर ओढून घेतलं. "कुणी शिकवलं गं तुला?"

"आईनं," ती म्हणाली.

सगळे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. मला पोहता येत नाही, आणि हे ह्यांना चांगलं ठाऊक आहे. पण ह्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पोरीचे ओले केस पुसता पुसता, अगदी हळू आवाजात, तिला विचारलं,

"बरी आहे ना ती?"