घर पाहिजे, घरसदृश नको

इंदूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कार्यालयात दुसऱ्या दिवशीच्या पानांची जुळवाजुळव करत होतो. दुपारची वेळ होती. फोन तिच्या मुलाचा, उमेशचा होता. "आई गेली," एवढंच म्हणून तो थांबला... मग, बहुधा काहीतरी करत राहायला हवं म्हणून, त्याने निधनवार्तेचा मजकूर पाठवला. सगळे पाठवतात तसाच तो होता. सातपूर येथील रहिवासी श्रीमती इंदुमती शेवाळे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्या पश्चात मुलगा, सून, नात असा परिवार आहे. मी त्यातला 'अल्पशा' काढला. आत्याचं हृदय कित्येक वर्षं कुरकुरत होतं आणि शेवटच्या काही महिन्यांत तिला जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागत होतं. तो आजार अल्प नव्हता. हा मजकूर तिच्या हाती पडला असता तर तिने विचारलं असतं, "अल्पसा कुणाला रे? तुला की मला?"

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नोकरीची सगळी वर्षं तिने बसस्थानकाच्या नियंत्रण कक्षात काढली. पेठची गाडी कुठल्या फलाटावर लागली, त्र्यंबकेश्वरची कधी सुटणार, हे ध्वनिक्षेपकावरून सांगणं हे तिचं काम. आवाज खणखणीत, आणि नियम एकच. गाडी रद्द झाली असेल तर 'रद्द' म्हणायचं, 'थोड्याच वेळात सुटेल' म्हणायचं नाही. रद्द म्हटलं की प्रवासी खिडकीशी येऊन भांडतात, असं सहकारी तिला सांगायचे. ती म्हणायची, "भांडू देत. भांडून झालं की दुसरी गाडी तरी शोधतील." यजमान लवकर गेल्यावर तिने सातपूरला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि तिथेच उमेशला वाढवलं. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, खाली नुसत्या खांबांवर उभं पार्किंग. कारखान्यांची पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा खिडकीखालून जायचा. उमेश नोकरीसाठी पुण्याला गेला, आत्या गेली नाही. कानाच्या दोषामुळे तिला अधूनमधून चक्कर यायची, म्हणून तो दर सणाला तिला न्यायला यायचा आणि सण संपला की एकटाच परत जायचा.

भूकंप झाला त्या संध्याकाळी मी तिच्याकडे बसलो होतो. द्राक्षांचा हंगाम होता. टेबलावर द्राक्षांची पेटी होती आणि आत्याने नुकताच चहा बशीत ओतला होता. आधी मांडणीतली ताटं वाजली, मग खिडकीच्या काचा. नाशिककराला अशा वेळी भूकंप आठवत नाही. मला वाटलं, खालून भरलेला डंपर गेला. समोरच्या घरातल्या नसीमभाभी चटणी वाटत होत्या, त्यांना वाटलं मिक्सर बिघडला, आणि तो थांबवण्यासाठी त्यांनी त्यावर दोन्ही हात दाबून धरले. सोसायटीचे चेअरमन बोरस्ते वरच्या मजल्यावर टीव्ही बघत होते. त्यांना वाटलं आपलं बीपी वाढलं, म्हणून ते जिभेखाली गोळी ठेवून डोळे मिटून बसले. हे सगळं आम्हाला नंतर एकमेकांच्या बोलण्यातून कळलं. त्या क्षणी जो तो भलत्याच गोष्टीवर संशय घेत होता. खरं तर चक्कर येणारी आत्या होती, आणि तिच्यावर संशय घ्यायचा पहिला मान माझा. "आत्या, गोळी देऊ का चकरेची?" मी म्हणालो. ती बशीकडे बघत होती. चहावर बारीक लाटा उठत होत्या.

"माझी चक्कर मला येते, बशीला येत नाही," आत्या म्हणाली. "ऊठ. भूकंप आहे."

दार उघडून ती जिन्यात उभी राहिली आणि निवृत्तीनंतर बहुधा प्रथमच तिने तो आवाज काढला. "भूकंप आहे. सर्वांनी जिन्याने खाली चला. सामान घेऊ नका." दारं उघडली. लोक खाली आले, पण आपापल्या पद्धतीने. एकाने कुलूप लावलं, ते ओढून पाहिलं आणि मग पुन्हा उघडून आत जाऊन गॅस बंद केला. कुणीतरी मोबाइलचा चार्जर घेऊन आलं. तोवर हादरा थांबला होता आणि सगळे पार्किंगमध्ये, इमारतीच्या बरोबर पोटाखाली, घोळका करून हसत उभे होते. आत्या कठड्याला धरून सर्वांत शेवटी उतरली. तो घोळका बघून ती म्हणाली, "वरचं छत सोडून खालच्या छताखाली आलात होय? रस्त्यावर चला!" लोक हसत हसत रस्त्यावर गेले. त्यातल्या बहुतेकांनी ती गोष्ट पुढे कित्येक दिवस म्हातारीचा विनोद म्हणून सांगितली.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात बातमी आली. 'नाशिक परिसरात भूकंपसदृश धक्के'. सकाळी तिचा फोन आला.

"काय रे पेपरवाल्या, सदृश म्हणजे काय?"

"त्याच्यासारखं. वेधशाळेचा दुजोरा येईपर्यंत तसंच लिहावं लागतं."

"आणि दुजोरा येईपर्यंत मी काय करायचं? जिन्यात उभी राहू?"

दुजोरा दुपारी आला. त्या दिवसापासून हा शब्द तिच्या घरात मुक्कामाला आला. मी गेलो की ती म्हणायची, "बस, चहासदृश काहीतरी करते." उमेशचा घाईघाईत ठेवलेला फोन म्हणजे 'चौकशीसदृश'. सोसायटीच्या टाकीत आलेलं गढूळ पाणी 'पाणीसदृश'. पुढच्या आठवड्यांत पेठ आणि त्र्यंबकच्या बाजूला आणखी लहान हादरे बसले. मोबाइलवर निरोप फिरू लागले की अमावास्येला पहाटे मोठा धक्का बसणार आहे. इमारतीतली निम्मी माणसं गाद्या घेऊन मोकळ्या मैदानात झोपायला गेली. नसीमभाभी तिला बोलवायला आल्या. "चला ना काकी, सगळे चाललेत. एकट्या कशाला राहता?" आत्याने त्यांना बसवून सरबत दिलं. "वेळ सांगून येतो म्हणे भूकंप! माझ्या गाड्या इतकी वर्षं वेळ सांगून आल्या नाहीत." त्या दिवसांत तिने एवढंच केलं की पलंग कपाटापासून लांब सरकवला आणि सुताराला बोलावून कपाट भिंतीला पक्कं ठोकून घेतलं. मग ती आपल्या घरात झोपली. भूकंपाला ती घाबरत नव्हती असं नाही. अफवेच्या सांगण्यावरून घाबरायला तिची तयारी नव्हती.

खरं भांडण भिंतीवरून झालं. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर जाणारी एक रेघ तिला दिसली. बोरस्ते बघायला आले. माणूस वाईट नव्हता. इमारतीतली दोन घरं विक्रीला होती, रंगकाम ठरलं होतं, आणि बोभाटा झाला तर गिऱ्हाईक परत जाईल याची त्यांना काळजी होती. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"ताई, हा केस आहे केस. प्लास्टरला जातातच असे. पुट्टी मारली की दिसणारसुद्धा नाही."

"केस असता तर विंचरला असता, बोरस्तेसाहेब. तडा आहे."

सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये झाली. आत्याचं म्हणणं सरळ होतं. रंग नंतर द्या, आधी जाणकाराकडून इमारत तपासून घ्या. लोक अस्वस्थ झाले. तपासणी केली आणि काही निघालं तर? "निघालं तर कळेल," आत्या म्हणाली. विषय पुढच्या बैठकीवर गेला. बोरस्त्यांनी उमेशला फोन केला असावा, कारण रविवारी तो पुण्याहून आला. त्या दिवशी मीही तिथे होतो. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. "आई, नीट विचार कर. बिल्डिंग धोकादायक निघाली तर सगळ्यात आधी घर तुझं जाणार. पुण्याला यायचं नाही म्हणतेस, मग जाशील कुठे? गप्प राहिलीस तर निदान इथे राहशील तरी."

आत्या भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"गप्प राहून राहू म्हणतोस? रोज भिंतीकडे पाठ करून बसू?" मग जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मला घर पाहिजे, उमेश. घरसदृश नको."

उमेश भिंतीला टेकून बसला होता, तो उठून खुर्चीवर बसला, एवढं मला आठवतं.

बैठका पुढे ढकलल्या जाऊ लागल्या तेव्हा आत्याने स्वतःच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावून आणलं. त्या शांतपणे सगळं बघून गेल्या. भिंतीतला तडा तेवढा गंभीर दिसत नाही, पण तो वाढतो आहे का हे पाहिलं पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पार्किंगचे खांब नीट तपासायला हवेत, असं त्यांनी सांगितलं. तड्यावर आडवी काचेची अरुंद पट्टी बसवायला त्यांनी सुचवलं. दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट करायची. काच ताणत नाही, वाकत नाही. भिंत जरा जरी सरकली तरी ती तुटते. आत्याला ही कल्पना फार आवडली. तिने काचवाल्याकडून पट्ट्या कापून आणल्या, एक लावली आणि तिच्यावर मार्करने तारीख घातली. बाकीच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या. रंगारी आले तेव्हा तिने खोलीच्या तीन भिंती रंगवून घेतल्या आणि चौथीला हात लावू दिला नाही. बोरस्ते म्हणाले, "ताई, पाहुणे काय म्हणतील?" ती म्हणाली, "विचारतील. मी सांगेन." आणि ती सांगायचीच. घर बघायला आलेलं एक जोडपं जिन्यात चुकून तिच्या दाराशी थांबलं, तर त्यांनाही आत बोलावून पट्टी दाखवली. बोरस्ते तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. खांबांचा विषय 'दिवाळीनंतर' यावर येऊन थांबला.

आमची शेवटची भेट दिवाळीच्या थोडी आधीची. ती पलंगावर बसून होती, दोन वाक्यांच्या मध्ये दम घेत होती. उमेशने रजा घेतली होती आणि पुण्याचं नाव काढणं सोडलं होतं. मी निघताना तिने भिंतीकडे बोट केलं. "पट्टी बघ."

मी जवळ जाऊन पाहिली. "अख्खी आहे, आत्या. म्हणजे सगळं ठीक आहे."

"म्हणजे वगैरे नको..." तिने श्वास घेतला. "अख्खी आहे. एवढंच सांग."

पुढच्या आठवड्यात ती गेली.

तेराव्याला घरात माणसं मावत नव्हती. स्थानकावरचे जुने सहकारी आले होते, इमारतीतले सगळे होते. दुपारी पहिली पंगत बसली होती आणि वाढपी वरण फिरवत होते. ताटं वाजली. या वेळी कुणी डंपर म्हटलं नाही, कुणी मिक्सर म्हटलं नाही. एक क्षण सगळे वाटीतल्या वरणाकडे बघत होते... आणि दाराजवळच्या पाटावरून बोरस्ते उठले. त्यांचा आवाज मोठा नाही, पण त्यांनी तो काढला. "भूकंप आहे. जिन्याने खाली चला. सामान घेऊ नका. पार्किंगमध्ये कुणी थांबायचं नाही, सरळ रस्त्यावर." माणसं रांगेने उतरली. नसीमभाभींनी गॅस बंद केला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. रस्त्यावर सगळे खरकट्या हातांनी उभे होते. कुणी हसलं नाही. शेवटी नसीमभाभीच म्हणाल्या, "काकी असत्या तर म्हणाल्या असत्या, जेवणसदृश झालं." तेव्हा मात्र सगळे हसले, उमेशही.

बऱ्याच वेळाने आम्ही वर गेलो. पट्टी मधोमध तुटली होती. दोन तुकडे आपापल्या जागी घट्ट होते आणि मध्ये नखाएवढी फट होती. तारीख दोन्हीकडे विभागली गेली होती. बोरस्ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. केस हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. "त्या कॉलेजच्या बाईंचा नंबर आहे का तुमच्याकडे?" एवढंच त्यांनी उमेशला विचारलं, आणि तिथूनच, त्या भिंतीसमोर उभं राहून, फोन लावला.

आता पार्किंगमध्ये लोखंडी टेकू लागले आहेत. खांबांची तपासणी झाली, काही कमकुवत निघाले, त्यांना भक्कम करण्याचं काम चालू आहे. पहिल्या मजल्यावरची दोन कुटुंबं तेवढ्यापुरती दुसरीकडे राहायला गेली आहेत. विक्रीच्या दोन घरांपैकी एकाचं गिऱ्हाईक फिरलं. दुसऱ्याचं तपासणीचा निकाल वाचून काम पुरं होण्याची वाट पाहत थांबलं आहे. उमेशने आईचं घर विकायला काढलेलं नाही. काम पूर्ण होईपर्यंत काढणार नाही, आणि काढलं तर चौथी भिंत दाखवूनच, असं तो म्हणतो. तुटलेली पट्टी त्याने काढली नाही. कपाटातल्या पट्ट्यांपैकी एक त्याने तिच्याच थोडी वर बसवली आणि मार्करने तारीख घातली. अक्षर आईसारखं आलं नाही, म्हणून जरा खट्टू झाला.

परवा मी गेलो होतो. पट्टी अख्खी आहे.