सातव्या वर्षाचा फ्रॉक

डोळा लागतोय आणि लागत नाही, अशी दुपार आहे. अविधवा नवमीचं जेवण अंगावर आलंय. खीर, वडे, भाज्या, आमसुलाची चटणी, सगळं मीच रांधलं, आणि जिच्या नावानं रांधलं ती माझ्या नवऱ्याची पहिली बायको, केतकी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा हा दिवस. तिच्या जागी एक सवाष्ण बोलावून जेवू घालायची. गच्चीवर पान ठेवलं तर कावळा जणू वाटच बघत होता. सासूबाई म्हणाल्या, "केतकी समाधानी आहे गं." मी मनात म्हटलं, असणारच. तिचं काय बिघडलंय?

मी केतकीला कधी पाहिलेलं नाही. घरात मात्र जिकडं बघावं तिकडं तीच. लग्नाआधी ती पुण्यात एका कंपनीत लहान मुलांचे कपडे डिझाइन करायची. मेक्सिकोच्या लोककलेचं तिला वेड. तिकडच्या बायका पांढऱ्या कापडावर भरतात तसे प्राणी ती फ्रॉकवर भरायची. पोटात फूल असलेला लाल ससा, निळा कोंबडा, आणि अंगभर खवले असलेला एक कसलासा प्राणी, जो सोलापुरात कुणी जन्मात पाहिलेला नाही. आजारपणात ती पलंगावर बसून एकच काम करत राहिली. तिची लेक जुई तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या पुढच्या वाढदिवसांचे फ्रॉक केतकीनं शिवून, भरून, पिशव्यांत घालून ठेवले, थेट दहाव्या वर्षापर्यंतचे.

म्हणजे जुईच्या वेण्या मी घालते, ताप आला तर रात्र मी जागते, डबा मी भरते, आणि वाढदिवसाला तिला सजवते ती केतकी. बरं, मला यातलं कळत नाही असंही नाही. माझा शाळांच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे. निळी चौकडी, करडी पँट, पांढरा शर्ट. शाळाच्या शाळा माझ्या हाताखालून शिवून निघतात, पण माझा ट्युनिक घालून कुठलं पोर आरशासमोर गिरक्या घेतं? जळते मी केतकीवर. मेलेल्या बाईवर जळण्यात एक मोठी गैरसोय असते, तिच्याशी भांडता येत नाही.

काल सातव्या वर्षाचा फ्रॉक बाहेर काढला. परवा वाढदिवस आहे. फ्रॉक जुईच्या खांद्यांतून खाली उतरेचना. पोरगी या वर्षात ताडमाड वाढलीय. "मावशी, मोठा करून दे की गं," म्हणून रडायला लागली. मी "बघते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन, खरं सांगते, हसले. केतकीचा अंदाज चुकला!

फ्रॉक मोठा करायचा तर दोन्ही कडांना पट्ट्या घालाव्या लागतील. पण बाईनं आधी कडा शिवल्या आणि मग त्या शिवणीवरूनच एक अख्खं हरीण भरलं, फ्रॉकच्या पाठीकडून पुढं. पट्टी घालायची म्हणजे हरणाच्या पोटातून कात्री चालवायची. मी ठरवून टाकलंय. संध्याकाळी जुईला सांगायचं, होत नाही गं, तुला दुसरा शिवते. माझ्या हातचा.

फ्रॉक मशीनवर पडलाय. पंखा फिरतोय. मी चटईवर कूस बदलते.

मशीनसमोरच्या स्टुलावर केतकी बसलीय.

फोटोतल्यापेक्षा बुटकी आहे. बोटाला लाल दोरा गुंडाळतेय, सोडतेय, पुन्हा गुंडाळतेय. तिचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, तरी तो तिचाच आहे हे मला माहीत आहे.

"माझ्या जागी कुणाला बसवलं होतंत?" ती विचारते.

"शेजारच्या हत्तुरेकाकूंना."

"किती वडे हाणले त्यांनी, बघितलंस?"

"तुला हवे होते?"

"मला कुठले मिळतात! कावळ्यानं पळवले." ती तोंड वाकडं करते. "मेक्सिकोत बघ, मेलेल्यांचा दिवस आला की झेंडूच्या पाकळ्या टाकून वाट दाखवतात त्यांना. आवडीचं खायला मांडतात, गाणी म्हणतात. आणि तुम्ही पान ठेवलं की गच्चीचं दार लावून घेता."

"तू जाऊन आली होतीस का मेक्सिकोला?"

"कुठली गं! सगळं पुस्तकात बघून."

मला फार बरं वाटतं. इतके दिवस मी धरून चालले होते की ही तिकडं राहूनच आली असणार.

"जुई कुठंय?" ती म्हणते.

"शाळेत."

ती उठून गच्चीचं दार उघडते, आणि आम्ही दोघी शाळेच्या मैदानावर आहोत. प्रार्थनेच्या रांगा लागल्यात. सगळ्या मुली माझ्या निळ्या चौकडीत, पण ओठ हलतायत आणि प्रार्थना ऐकू येत नाही. केतकी पुढच्या रांगेत शिरते. वाकून वाकून बघते. एकीची कॉलर सरळ करते, दुसरीची हनुवटी वर उचलते. "ही नाही. ही पण नाही."

ती लहान मुलींमध्येच शोधतेय, कमरेएवढ्या मुलींमध्ये. जुई मागं उंच मुलींत उभी आहे. मला स्वच्छ दिसतेय, बुटाची नाडी सुटलेली. केतकी फिरत फिरत तिच्यापर्यंत येते, तिच्यावरून नजर फिरवते आणि पुढं जाते.

मी सांगत नाही. नुसतं बोट केलं तरी पुरे, पण मी हात पाठीमागं बांधून उभी आहे. आईनं पोरीला ओळखलं नाही, आणि मी ओळखलं. हे माझं आहे, हे मी का देऊ?

घंटा होते. मैदानावर मुली नाहीत. दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर कातरलेल्या रंगीत कागदांच्या पताका फडफडतायत. कागदात पक्षी कातरलेत, फुलं कातरलीत, केतकीच्या फ्रॉकच्या घेराला असतात तशीच. मधेमधे आठव्या, नवव्या, दहाव्या वर्षाचे फ्रॉक वाळत घातलेत. लाल ससा कापडावरून उतरून जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे खातोय. तो खवल्यांचा प्राणी माझ्या पायाशी येऊन बसतो. गरम आहे.

केतकी झेंडूच्या ढिगावर बसलीय. दमलीय.

"सापडत नाही," ती म्हणते. "केवढी झालीय गं ती? हातानं दाखव."

मला खोटं दाखवायचंय. मी हात कमरेपाशी धरते. हात तिथं थांबत नाही. माझं न ऐकता वर सरकतो आणि छातीपाशी येऊन थांबतो.

"एवढी? कशावरून?"

"शाळेतून आली की येऊन धडकते. डोकं इथं लागतं."

केतकी माझ्या छातीकडं बघत राहते. तिचा खालचा ओठ आत ओढला जातो, नाक बारीक होतं. हा चेहरा मला पाठ आहे, आरशात रोज बघते. ती जळतेय. माझ्यावर! याची मी तीन वर्षं वाट बघत होते, आणि क्षणभर खरंच गार वाटतं. पण ते टिकत नाही.

"रोज येते?" ती विचारते.

"रोज. दप्तर पण काढत नाही."

"पुरे." ती वरच्या फ्रॉककडं बघते. "म्हणजे पुढचे तिन्ही तोकडे होणार."

"होणार."

"मग काप."

"हरणाच्या पोटातून जाईल कात्री."

"माहितेय. मीच भरलंय ते."

"आणि पट्टी दिसेल. माझ्याकडं युनिफॉर्मचंच कापड आहे."

"निळी चौकडी? माझ्या हरणाला?" तिला खरोखरच लागलंय. "मला आवडणार नाही, सांगून ठेवते. पण पोर तोकड्या फ्रॉकमध्ये फिरली तर लोक म्हणतील, आईला लेकीचं माप माहीत नव्हतं."

"नव्हतंच माहीत," मी म्हणते. मला तिला दुखवायचंच होतं.

ती मांडीवरच्या पाकळ्या झटकून उठते. मग म्हणते, "म्हणून तर आले."

आम्ही मशीनपाशी आहोत. तिच्या हातात शिंप्याचा खडू आहे. ती इतकी जवळ येते की तिच्या अंगाचा औषधांचा वास मला येतो. "हलू नकोस," म्हणते, आणि माझा हात जिथं आहे तिथं, माझ्या पदरावर आडवी रेघ ओढते. एकदा, मग त्याच रेघेवरून पुन्हा एकदा. खूप दाबून.

"मावशी! झोपायलीस का?"

दार वाजतंय. पंखा फिरतोय. फ्रॉक मशीनवर पडलाय तसाच पडलाय, हरीण अख्खं. मी उठून बसते. अंगावर सकाळची, नवमीची हिरवी साडी आहे, आणि पदरावर छातीपाशी खडूची जाड, पांढरी, सरळ रेघ आहे. खडू तर कारखान्यात राहिलाय. मी बोट फिरवते. बोट पांढरं होतं.

दार उघडते. जुई दप्तरासकट येऊन धडकते, दोन्ही हात माझ्या कमरेला घालून.

मी खाली बघते. रेघ तिच्या कानापाशी आलीय. डोकं रेघेच्याही वर गेलंय, चांगलं चार बोटं. रोज येऊन धडकतेय आणि माझ्या लक्षात आलेलं नाही. केतकीला मी ऐटीत दाखवलं ते मापही जुनंच निघालं.

"माझा फ्रॉक झाला?" ती पदरातच विचारते.

"नाही अजून. कापावा लागेल, राणी. हरणाला मधून शिवण येईल, शेजारी निळी चौकडी येईल. चालेल?"

ती मान वर करून विचार करते. "हरणाला दुखेल?"

"हळू करते."

"मग चालेल."

तिच्या कानाच्या पाळीला खडू लागलाय. पुसायला हात जातो, तसाच मागं घेते. भिंतीवरची टेप काढते.

"बूट काढ," मी म्हणते, "आणि सरळ उभी राहा. आधी नीट बघू दे मला."