हॉलंडच्या तात्यांची चार मिनिटं

चार मिनिटांच्या कामाला एकतीस वर्षं लावणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि कामं लांबवणाऱ्यांची आमच्याकडं वानवा आहे असंही नाही. आमचे हॉलंडचे तात्या म्हणजे त्यांच्याकडच्या शास्त्रीय संगीताचे रचनाकार. गाईंचा डॉक्टर असलेल्या धाकट्या भावाबरोबर ते पंधरा दिवसांसाठी आले, वडगाव निंबाळकरातली माझ्या माडीवरची खोली त्यांच्या मनात भरली, भाऊ परत गेला आणि तात्या राहिले. पुढं सात वर्षं थंडी पडली की यायचे आणि उन्हं तापली की जायचे. मराठी ते आमच्या गोठ्यात, माझ्या आईच्या हाताखाली शिकले. त्यामुळं पुण्याचा कुणी पाहुणा त्यांना इंग्रजीतून शोधू लागला, की वरून आवाज यायचा, "मी हितंच हाय, वर या." पाहुणा बिचारा दुसराच माणूस धुंडाळत बसायचा.

सकाळी सातला तात्या पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसत. पेन्सिल वर्षभर पुरायची, खोडरबर महिन्यात संपायचा. एकदा जेवताना मी विचारलं, "आज काय झालं काम?" म्हणाले, "एक स्वर काढला." मला इतका आनंद झाला की मी पेढे आणायला निघालो. "तसं न्हाय गुरुजी," ते म्हणाले. "होता, त्यो काढून टाकला." त्यांचं वाद्य चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. पण त्याहून भारी त्यांचा कान. शेजारच्या बबनरावांना एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तुमची विहिरीवरची मोटर आज खाली गाती." बबनराव हसले, आणि संध्याकाळपर्यंत मोटर जळाली. मग काय, निमगाव केतकीपासून लोक मोटारसायकलवर येऊन तात्यांना मोटर ऐकायला नेऊ लागले. गावचा वायरमन वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हता.

गोठ्यातल्या काळ्या-पांढऱ्या गाईशी मात्र ते रोज त्यांच्या भाषेत बोलत. मी म्हटलं, "तात्या, वाण तुमच्याकडचं असलं तरी ती जन्मली वरकुट्यात. तिला काय कळणार?" ते तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "तिला न्हाय कळत. मला बोलावं लागतंय."

ती चार मिनिटांची रचना त्यांनी कधी कुणापुढं वाजवली नव्हती. माझ्या मुलीचं, मंजूचं लग्न ठरलं तेव्हा तिनं हट्टच धरला, "तात्या, मंगलाष्टकांत तुम्ही वाजवायचं, तेच वाजवायचं." तात्या नाही म्हणाले. मग मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की ते त्यांनी स्वतःच्याच लग्नासाठी लिहायला घेतलं होतं. लग्नाला तीन आठवडे असताना त्यांची नवरी आजारानं गेली. शेवट तेवढा राहिला होता, तो राहिलाच. मी मंजूला समजावलं. ती सरळ माडीवर गेली आणि म्हणाली, "अपुरं तर अपुरं. माझ्या लग्नात वाजू दे." तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, त्यांना काय जमणार.

इंदापूरच्या कार्यालयात, शेवटच्या मंगलाष्टकाच्या जागी, अंतरपाट धरलेला असताना तात्यांनी चेलोच्या तारांवर फिरवायचा गज उचलला. सूर असा निघाला की पंगतीची घाई असलेले लोकही गप्प झाले. पण त्या रचनेत जागोजागी विराम होते, आणि आमच्या माणसांच्या हातात अक्षता. सूर थांबला म्हणजे टाकायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. पहिल्या विरामाला बायकांकडून चार दाणे आले, दुसऱ्याला अख्खा मांडव बरसला. वाजवणारा बसला होता मधोमध, त्यामुळं निम्म्या अक्षता नवरानवरीला चुकवून त्याच्याच अंगावर. तात्या वाजवत राहिले. जिथं लिहिलेलं संपत होतं तिथं येऊन गज हवेतच राहिला. भटजींची नजर घड्याळावर. त्यांना वाटलं आपली पाळी आली. त्यांनी लांबलचक सूर लावला, "साऽवधाऽन", अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली.

गर्दी पांगल्यावर तात्या चेलो मांडीवर घेऊन हलवत होते. वरच्या फटींतून आत गेलेले तांदूळ वाजत होते. माझी म्हातारी आत्या त्यांच्या डोक्यावरचे दाणे झटकत म्हणाली, "अक्षता पडल्या न्हवं अंगावर? मग लागलं तुमचं बी लगीन." मी तिला दटावणार, एवढ्यात तात्या म्हणाले, "व्हय, आत्या. उशीर झाला जरा." ते रडत होते, आणि मीही.

भटजींचा तो सूर त्यांनी दुसऱ्या दिवशी रचनेचा शेवट म्हणून कागदावर उतरवला. खोडरबराला हात लावला नाही.

पुढच्या थंडीत मी माडी झाडून घेतली, पण ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "काम झालं की गुरुजी. आता मी हितंच बसतो, तिच्या गावात." सात वर्षं मी ती रचना पुरी होवो म्हणून देवाला सांगत होतो, आणि आता वाटतं, अजून चार-दोन वर्षं अपुरी राहिली असती तर काय बिघडलं असतं. त्यांच्याविना घर मोठं झालंय.

मागच्या महिन्यात त्यांनी मोबाइलवर ते वाजवून पाठवलं. विरामाच्या जागी, गज थांबला की, आतून काहीतरी बारीक खुळखुळतं. आमची मंडळी म्हणते, आवाज खराब आलाय, पुन्हा मागवा. मी फोन कानाला लावतो आणि ऐकत बसतो.