गुलाबाचं पिंप

कोणी गुलाबाचं फूल पुढे केलं की अण्णा आधी चष्मा कपाळावर चढवायचे. मग फुलात थेट नाक खुपसून लांब श्वास घ्यायचे आणि मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं ते फूल देठाला धरून परत द्यायचे.

"ओंगळ! वास कुठाय ह्याला?"

आमच्या सत्यनारायणाचा हार, पुतणीच्या रिसेप्शनचा बुके, महिला दिनाला मला बँकेत मिळालेलं सेलोफेनमधलं फूल, सगळ्यांचा निकाल हाच. तुमच्याही आळीत असा एखादा असेल, ज्याला जगातलं काही पसंत पडत नाही आणि ज्याचं स्वतःचं आवार मात्र नाकाला पदर लावल्याशिवाय ओलांडता येत नाही.

अण्णा आमचे शेजारी. सगळी आळी त्यांना अण्णाच म्हणायची. उमेदीची वर्षं त्यांनी मिरकरवाड्याला, बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात घालवली. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. त्यांच्या-माझ्या घरांच्या मध्ये चिऱ्यांचा एक गडगा, कमरेएवढी कुंपणभिंत. गडग्याच्या अलीकडे माझी स्वयंपाकघराची खिडकी आणि पलीकडे, बरोबर तिच्याखाली, त्यांचं निळं पिंप.

मी मिरजोळ्याला एमआयडीसीत, आंब्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठला डबा कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगेन. घरी फ्रिजवर सामानाची यादी, कपाटाच्या दारात औषधांची यादी. अशा बाईच्या नशिबी ते पिंप यावं! मासे विकणारी मावशी एक दिवसाआड त्यात माशांची आतडी, खवले, डोकी आणून ओतायची. वर गूळ, वर पाणी. अण्णा बांबूने ढवळायचे. तो वास खिडकी बंद केली तरी आत येऊन वरणात उतरायचा. पाहुणे आले की मी सांगायचे, गटार तुंबलंय. खरं सांगण्यापेक्षा ते कमी लाजिरवाणं होतं.

एकदा त्याच्याही पुढचं पाहिलं. अण्णांनी पिंपात बोट बुडवलं आणि ते जिभेला लावलं. मी सिंक गाठलं.

"खारट लागतं काय ते बघतंय, वैनी," ते गडग्यावरून म्हणाले. "मावशी कधी खाडीच्या पाण्यात धुवून आणते. मीठ गेलं मुळाशी की संपलं झाड. जिभेशिवाय कसं कळणार?"

हे सगळं खत एका झुडपासाठी. गावठी गुलाब. कातळात पहारीने खड्डा करून त्यात पावस गावच्या बागेतली माती भरून लावलेला. दिसायला काहीच नाही. काटेच काटे, फिक्कट गुलाबी फुलं, मुठीएवढीही नव्हेत. सकाळी उमलायची आणि दुपारी पाकळ्या ढाळून मोकळी. पण सकाळी सहाला मी दूध तापवत असताना तो वास यायचा ना, तेव्हा पिंपाचासुद्धा विसर पडायचा. जिभेवर गुलकंद ठेवल्यासारखा वास. अर्ध्या तासाने ऊन चढलं, की पुन्हा आतडी.

मी रीतसर फांदी मागितली. कुंडी तयार ठेवून, माती चाळून, मगच मागितली.

"नाय मिळणार."

"अण्णा, छाटणीत कापून टाकताच ना?"

"टाकीन. पण देणार नाय. ओंगळ सवय माणसांची, दिसलं की मागायचं."

पुढच्या वर्षी पुन्हा मागितली. पुन्हा तेच. मला त्या माणसाची किळस येऊ लागली. छाटलेल्या फांद्या ते माझ्यादेखत गडग्यावर रचून ठेवायचे, तिथेच वाळू द्यायचे आणि मग जाळायचे. इतका कद्रूपणा!

एकदा खुशीत असताना त्यांनी झाडाची हकीकत सांगितली. "पावसला मुलगी बघायला गेलेलो. पोहे येईपर्यंत मागल्या दारी गेलो, तर हा वास. मुलगी पसंत-नापसंत मागाहून. आधी फांदी मोडली आणि पिशवीत घातली. सासऱ्याला मरेपर्यंत कळलं नाय. बायकोला पहिल्या दिवशीच कळलं. म्हणाली, तुमच्या पिशवीला आमच्या परड्याचा वास कसा ओ?" रस्ता रुंद झाला तेव्हा सासऱ्याच्या परड्यातलं झाड गेलं. अण्णांकडचं तेवढं उरलं.

त्या आठवड्यात त्यांची छाटणीची कात्री गडग्यावर, माझ्या बाजूला पडलेली दिसली. फाटकही सताड उघडं. मी कात्री पुसली, तेलाचा हात लावला, कागदात गुंडाळून त्यांना नेऊन दिली. येताना फाटकाला कडी घातली.

अण्णांनी कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कार्ल्याचा घास चावल्यासारखं तोंड झालं.

"फार व्यवस्थित तुम्ही, वैनी."

इतका घाणेरडा शब्द मला आजवर कोणी ऐकवलेला नाही.

गणपती झाले आणि कळलं की घर विकलंय. मुलगा अण्णांना डोंबिवलीला नेणार होता. तिसरा मजला, खिडकीला जाळी, ऊन नाही. विकत घेणारा येऊन आवार मोजून गेला. सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकायचे, गाडी लावायला. झाड उपटायचं, पिंप फेकायचं. पिंप फेकणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता.

त्या दिवशी मावशी शेवटची पाटी ओतून माझ्या दाराशी टेकली. मी म्हटलं, "बघ मावशी, जाता जाता तरी फांदी देतायत का! मारतील झाड, पण देणार नाहीत."

मावशी तोंडावर हात ठेवून हसली. "दिलेला गुलाब रुजत नाय गो बाय! चोरलेला रुजतो. तुला नाय ठाऊक? त्यांनी मेव्हणीला दिली ती फांदी मेली. मास्तरांना दिली, मेली. म्हातारा केव्हाधरनं वाट बघतोय कोण चोरील म्हणून. फाटक उघडं टाकतो, कात्री बाहेर ठेवतो. तर तू कडी लावून येतेस!"

मला स्वतःचा नव्हे, या समजुतीचाच राग आला. झाडाला काय कळतं, मालकाने हो म्हटलं की नाही ते? फांदी मरते ती चुकीच्या वेळी कोवळी कापली म्हणून. पण वाद घालायला वेळ नव्हता. टेंपो दुसऱ्या दिवशी यायचा होता.

दुपारी मीच त्यांच्याकडे गेले. फाटक उघडंच होतं. अण्णा ओटीवर, रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. कात्री झाडाच्या बुंध्याशी. मी ती उचलली. पहिलाच काटा मनगटात गेला आणि मी "आई गं" म्हणाले.

"मांजर आलंय वाटतं," अण्णा भिंतीला म्हणाले. "ह्या आळीत मांजरं फार."

मी एक फांदी धरली.

"मांजराने खालची जून बघावी," भिंतीला पुढे ऐकवलं गेलं. "वरच्या कोवळीत काय नसतं. आणि एक नेऊ नये. चार-पाच न्याव्या."

मी पाच नेल्या, पदराखाली. या वयात, भर दुपारी. बाहेर पडताना हात आपोआप कडीकडे गेला. ती वाजली.

"मांजर व्यवस्थित आहे," मागून आवाज आला.

आठवड्याभरात जेसीबीने झुडूप मुळासकट काढलं. कातळातला तो खड्डा खडी घालून बुजवला. वर लाल-करडे पेव्हर ब्लॉक आले. नव्या लोकांनी फाटकावर प्लास्टिकच्या गुलाबांची माळ लावली आहे. गाडीत गुलाबाच्या वासाची डबी ठेवतात. दार उघडलं की औषधाच्या बाटलीसारखा भपकारा येतो. मला मळमळतं. माशाच्या आतड्यांनी कधी इतकं मळमळलं नव्हतं.

कुंडीत लावलेल्या पाचांतल्या चार फांद्या काळ्या पडल्या. एकीला लाल कोंब आला. मी झाकणाचं एक पिंप आणून खिडकीखाली, कुंडीशेजारी ठेवलं आणि मावशीला निरोप धाडला. ढवळायला बांबू आणला. वेगळी कात्री, वेगळे हातमोजे, सगळं नीट लावलं. खारट आहे का ते कळायला मात्र दुसरा उपाय सापडला नाही. बोट बुडवते, जिभेला लावते, थुंकते. शिसारी अजून तितकीच येते. नवे शेजारी खिडक्या लावून घेतात. त्यांना मी गटार तुंबल्याचं सांगत नाही.

मध्यंतरी अण्णांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. डोंबिवलीचं पाणी ओंगळ, भाजी ओंगळ, सुनेने आणलेली उदबत्ती ओंगळ. फांदीबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं असतं तर चोरी ती चोरी राहिली नसती. मीही तो विषय काढला नाही.

शेवटी घसा साफ करून म्हणाले, "काय ओ वैनी, तुमच्या खिडकीखाली घाण वास येतो काय हल्ली?"

"येतो, अण्णा. स्वयंपाकघरात उभं राहवत नाही."

तिकडे नाकाने लांब श्वास घेतल्याचा आवाज आला.

"ओंगळ!" अण्णा म्हणाले. इतक्या समाधानाने तो शब्द त्यांनी कधीच उच्चारला नसेल.

पुढचा फोन त्यांच्या मुलाचा आला, दहाव्याचा दिवस कळवायला.

पहिलं फूल त्यानंतर उमललं. मी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक खुपसलं. तोडलं नाही. दुपारी पाहिलं, तर पाकळ्या गळून पिंपाच्या झाकणावर पडल्या होत्या.